दिवे मालवल्यानंतरची तीन मिनिटे

३० ऑक्टोबर २०११ च्या संध्याकाळी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मी आणि माझा धाकटा भाऊ चिखलात उभे होतो आणि आमच्या मनात आनंदापेक्षा धाकधूकच अधिक होती. दोनच दिवसांपूर्वी मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी बारगळला होता. पुण्याहून रात्रभर बसने आलेल्या आम्हा दोघांना मंचावर प्रत्यक्ष कोणी दिसेपर्यंत कशाचाच भरवसा वाटत नव्हता. मग एकाएकी दिवे मालवले गेले, पियानोची एक गोल गोल फिरणारी लहानशी सुरावट स्पीकरमधून ऐकू येऊ लागली आणि भावाने माझे मनगट घट्ट धरून म्हटले, "ताई, आले!" मंचावर तेव्हा कोणीही नव्हते. वाजत होते ते संगीतही मेटॅलिकाचे नव्हते. तरीही त्याचे म्हणणे खरे होते आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला ते तसेच कळले होते.

ते संगीत एन्निओ मोरिकोने या इटालियन संगीतकाराचे, १९६६ सालच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या चित्रपटातले. 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड' हे त्या रचनेचे नाव. पुरलेल्या सोन्याच्या मागावर असलेला तुको नावाचा भामटा एका अफाट दफनभूमीत येऊन पोहोचतो आणि हजारो क्रुसांमधून एकच नाव हुडकत धावत सुटतो, त्या प्रसंगासाठी ती रचलेली आहे. आधी पियानो, त्यावर ओबोच्या जातीच्या एका वाद्याची एकाकी धून, आणि मग एड्डा देल्लोर्सो या गायिकेचा उंच, मोकळा, शब्दांवाचूनचा आवाज. तुकोची धाव वाढत जाते, तसतसे ताशासारखे कडक ड्रम, घंटा आणि पितळी वाद्ये एकेक करून त्यात मिसळतात आणि जेमतेम साडेतीन मिनिटांत ही रचना अशा टोकाला जाऊन थांबते, की त्यानंतर काहीतरी प्रचंड घडलेच पाहिजे असे वाटू लागते. त्या गायनात शब्द नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. बंगळूरच्या त्या गर्दीत माझ्या डाव्या हाताला कोणी मल्याळम बोलत होते, मागे कानडी ऐकू येत होती, आम्ही दोघे मराठी. पण तो आवाज चढू लागल्यावर सगळ्यांच्या तोंडून एकच 'आ' निघाला.

मेटॅलिका १९८३ पासून आपल्या कार्यक्रमांची सुरुवात या रचनेने करत आली आहे. तेव्हा ते कॅलिफोर्नियातले नवखे तरुण होते. त्यानंतर वादक बदलले, मैदाने मोठी झाली, केस पिकले, पण ही तीन-साडेतीन मिनिटे जागची हलली नाहीत. एप्रिल १९९९ मध्ये बर्कलीला त्यांनी सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसह कार्यक्रम केले, तेव्हा मायकेल केमन यांच्या संचालनाखाली तीच रचना वाद्यवृंदाने समोर बसून वाजवली. इतकी वर्षे ध्वनिफितीवरून ऐकलेली ती रचना त्या दिवशी जिवंत वाद्यांतून ऐकताना तिथल्या श्रोत्यांना काय वाटले असेल, याचा मी अनेकदा विचार करते. त्या ध्वनिमुद्रणात त्यांचा जो कल्लोळ ऐकू येतो, त्याने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

या प्रथेमागे साधी व्यावहारिक गरजही आहे. आधीच्या बँडचे सामान हलवून झाले, की मंचाच्या कडेला उभा असलेला माणूस मैदानाच्या मध्यावर बसलेल्या ध्वनिसंयोजकाला टॉर्चचा उजेड दाखवून खूण करतो. दिवे जातात, फीत सुरू होते, आणि त्या आडोशाने वादक अंधारातून आपापल्या जागी येतात. ड्रमवादक आसनावर टेकतो, कानातले इयरफोन नीट बसवले जातात, गिटारचा पट्टा खांद्यावर चढतो. ही सगळी हालचाल काळोखात, कोणाला न दिसता उरकायची असते. पण नुसता वेळ काढायचा असता तर काहीही वाजवून चालले असते. थोरामोठ्यांनी निवड करताना किती विचार केला, ते पाहण्यासारखे आहे. एल्व्हिस प्रेस्ली सत्तरच्या दशकात रिचर्ड श्ट्राउसच्या १८९६ मधील 'आल्झो श्प्राख त्झाराथुस्ट्रा'च्या सूर्योदयासारख्या सुरावटीवर मंचावर येत असे. 'द स्मिथ्स' या बँडने प्रोकोफिएव्हच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट' बॅलेमधला दोन वैरी घराण्यांचा जड पावलांचा नाच निवडला होता. 'येस' या बँडने तर स्त्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड'चा शेवटचा भाग घेतला. एका कलाकृतीची अखेर ही दुसरीची नांदी झाली, ही निवड मला सर्वांत सुंदर वाटते.

नांदी हा शब्द इथे सहज आला, पण नांदी आणि ही उसनी सुरुवात या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. १८८० साली 'शाकुंतल'च्या आरंभी 'पंचतुंड नररुंडमाळधर' गाणारी माणसे नाटक मंडळीतलीच होती. तमाशात गणाआधी कडाडणारी ढोलकी आणि हलगीही त्याच फडाची. रॉक बँड मात्र या घटकेला स्वतः गप्प राहतो आणि आपल्याआधी दुसऱ्या कोणाला तरी बोलू देतो. हजारो लोक आपल्या नावाने ओरडत असताना पहिला मान दुसऱ्याच्या संगीताला देणे हे मला वंदनच वाटते.

अर्थात दुसऱ्याचा आवाज उसना घेतला, की त्याच्याबरोबर त्याचा इतिहासही येतो. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन या ब्रिटिश बँडने आपला जागतिक दौरा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. दिवे गेल्यावर घुमला तो विन्स्टन चर्चिल यांचा आवाज: समुद्रकिनाऱ्यांवर लढू, हे ४ जून १९४० चे भाषण. पुढचे गाणे ब्रिटनच्या लढाऊ वैमानिकांवरचे असल्यामुळे त्याआधी ते भाषण चपखल बसते, आणि मीही इतरांबरोबर हात उंचावले होते. परंतु हेच गृहस्थ पंतप्रधान असताना, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, याच शहरातल्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'ची हाक दिली गेली होती, आणि पुढच्याच वर्षी बंगालात लाखो माणसे भुकेने मेली होती. हात वर असतानाच मला हे आठवले. मी ते खाली घेतले नाहीत. पण ती दोन मिनिटे माझ्या मनातून अजूनही गेलेली नाहीत. मोरिकोनेची शब्दहीन तान कोणत्याही गावात कोणाला दुखवत नाही, याची किंमत मला त्या रात्री कळली.

म्हणूनच या मिनिटांची हेळसांड झालेली मला सहन होत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कार्यक्रमात एका तरुण बँडने फार विचारपूर्वक निवडलेली सारंगीची फीत वाजू लागली आणि दिवे मंदावले. तेवढ्यात निवेदकाने माइक हाती घेऊन प्रायोजकांची नावे वाचायला सुरुवात केली. सारंगी खालून वाजतच राहिली. मी मंचाच्या अगदी जवळ होते, त्यामुळे अर्धवट उजेडात मला गिटारवादक स्पष्ट दिसत होता. पट्टा खांद्यावर, डावा हात पहिल्या स्वरावर ठेवलेला, आणि मान खाली घालून तो यादी संपण्याची वाट पाहत होता.