परत घ्याल का तो फुगा?

पतसंस्थेच्या काउंटरवर पासबुक पुढे सरकवताना, लग्नाच्या पंगतीत, लेकीच्या शाळेच्या फाटकाशी, आणि हल्ली अनोळखी नंबरवरून फोन करूनही तुम्ही एकच विचारता. "ताई, तुम्ही तो वजन उतरवायला गिळायचा फुगा घेतला होता ना? परत घ्याल का?"

आजवर मी समोरच्याचा चेहरा बघून उत्तर दिलं. कुणाला हो म्हणाले, कुणाला नको म्हणाले. एका बाईला तर "डॉक्टरांना विचारा" म्हणून तोडून टाकलं. आमच्याच शाखेतल्या एकीच्या बहिणीने माझ्या शब्दावर फुगा घेतला आणि पाचव्या दिवशी काढून टाकला. तिचे पैसे गेले, हाल झाले ते वेगळेच. तेव्हापासून हा प्रश्न आला की माझ्या घशात काहीतरी अडकतं. म्हणून आज सगळं लिहिते.

फुगा कसा घालतात ते तुम्ही व्हिडिओत बघितलेलंच असतं, मला विचारणाऱ्या प्रत्येकाने बघितलेलं होतं. कॅप्सूल, तिला बारीक नळी, पाण्याबरोबर गिळायची, एक्स-रे काढून ती जठरातच आहे याची खात्री करायची, नळीतून साडेपाचशे मिली पाणी सोडायचं, नळी ओढून घ्यायची, पुन्हा एक्स-रे. भूल नाही, टाका नाही. माझी कॅप्सूल दोनदा घशातून परत आली, तिसऱ्यांदा गेली. पाऊण तासात मी पुण्याच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होते. फुग्याच्या झडपेतला एक भाग आत हळूहळू विरघळतो, साधारण सोळा आठवड्यांनी झडप उघडते, पाणी निघून जातं आणि रिकामी पिशवी आतड्यातून बाहेर पडते. व्हिडिओत एवढंच असतं आणि ते खरंही आहे.

मी 94 किलो होते, उंची 158 सेंटिमीटर. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.3, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. माझ्या मामाचा पाय गुडघ्याखाली कापलेला मी बघितलाय, त्याच्या जखमेचं ड्रेसिंग बदलताना ताट धरून उभी राहिलेय. तुमच्यातले काही जण "चालायला जायचं ना मग, जिभेवर ताबा ठेवायचा" असं म्हणता, तेव्हा मला तो पाय आठवतो. मी चालले. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने पहाटे दोन वर्षं चालले. दोनदा आठ-आठ किलो उतरवले आणि दोनदा ते परत आले. जठराचं ऑपरेशन सुचवलं होतं, त्याला मी घाबरले. वजन कमी करणारी ती इंजेक्शनं आपल्याकडे 2025 मध्ये आली, माझा फुगा त्याच्या आधीचा. आता निवड करायची वेळ आली असती तर वेगळी केली असती का, हेही तुम्ही विचारता. खर्च महिन्याच्या महिन्याला करायचा की एकदम, आणि बंद केल्यावर काय, हे प्रश्न तिथेही आहेतच. पण त्यातलं मला अनुभवाने काही सांगता येत नाही.

आता त्या तीन रात्री.

शुक्रवार मुद्दाम धरला होता, सोमवारी कामावर जाता यावं म्हणून. पुण्याहून निघताना मला बरं वाटत होतं, मी यांना म्हणालेसुद्धा, "उगाच घाबरले." खंबाटकीच्या घाटात पहिली कळ आली. घाट संपल्यावर गाडी कडेला घ्यावी लागली. साताऱ्यात पोचेपर्यंत चार वेळा. मळमळीच्या तीन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण गोळी पोटात टिकली तर ना. जठराला एवढंच कळतं की आत काहीतरी आहे आणि ते पुढे सरकत नाही. मग ते पिळतं. पुन्हा पिळतं. बाळंतपणाच्या कळांत मध्ये उसंत मिळते, इथे मिळत नव्हती.

दवाखान्याने हे लपवलं होतं असं नाही. "तीन ते पाच दिवस त्रास होईल" हे कागदावर होतं आणि खाली माझी सही होती. पण "त्रास" हा शब्द मी माझ्या सोयीने वाचला. ॲसिडिटीसारखं काहीतरी, असं धरून चालले. ही चूक माझीच.

आई तेव्हा आमच्याकडे होती. तिला आणि सासरच्या कुणालाही काही सांगितलं नव्हतं, बाहेरचं खाऊन पोट बिघडलंय एवढंच. शनिवारी रात्री दोनच्या सुमाराला मी बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून बसले होते, उठायचं बळ नव्हतं. आई आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "दिस गेल्यात का काय गं?"

चव्वेचाळीस वर्षांची मी. तिच्या आवाजात भीती होती आणि थोडी आशाही होती. मुलीनंतर माझे दोन गर्भ राहिले नाहीत, ते तिला ठाऊक आहे. त्या आशेपुढे मला खोटं बोलता येईना. मी सगळं सांगितलं. फुगा, पाणी, चार महिने, सव्वातीन लाख.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भूक लागू ने म्हणून पैसं भरलंस व्हय?"

तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. आई माण तालुक्यातली. 1972 च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती, म्हसवडच्या बाजूला नालाबांधाच्या कामावर पाट्या वाहायची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यावर त्यांनी ते वर्ष काढलं. ती सुकडीसुद्धा ती धाकट्या भावासाठी पदरात बांधून आणायची. तोच माझा मामा, ज्याचा पाय पुढे साखरेने गेला. त्या रात्री तिने पहिल्यांदा सांगितलं की रात्री झोप यावी म्हणून त्या बहिणी पोटाला फडकं आवळून बांधायच्या. तिने हाताने दाखवलं, कसं बांधायचं ते. फडकं बांधलं की पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणाली.

मी उलटी करत होते आणि ऐकत होते. तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. आणि तेवढा रागही कधी आला नाही. म्हणजे मी जाड आहे याची लाज, भुकेला पैसे देऊन घालवते याचीही लाज, मग मी करायचं तरी काय? तिची भूक आणि माझी भूक एक नाही. तिला अन्न नव्हतं. मला दिवसभर खुर्ची आहे, संध्याकाळी शीण आहे, हाताशी फरसाणाचा डबा आहे आणि अंगात थायरॉइड आहे. हे सगळं मला तेव्हा तिला सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आजही मनातल्या मनात मी तिला हे सांगत असते.

पहाटे मी यांना म्हणाले, "काढून टाका हे." आणि तेव्हा कळलं की गिळायला सोपा असलेला हा फुगा मधेच काढायला सोपा नाही. नळी तर पहिल्याच दिवशी ओढून घेतलेली. आता भूल देऊन दुर्बीण घालायची, फुगा सुईने फोडायचा, पाणी ओढून घ्यायचं, चिमट्याने बाहेर काढायचा. त्यासाठी पुन्हा पुण्याला जायचं. फोनवर सर्जन शांतपणे म्हणाले, काढायचा असेल तर या, पण आधी सलाईन लावा आणि संध्याकाळपर्यंत बघा. रविवारी सकाळी साताऱ्यातच ॲडमिट झाले. अंगातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही कमी झालेलं. सलाईनमधूनच मळमळीचं औषध गेलं. सोमवारी संध्याकाळी आईने साळीच्या लाह्यांचं पाणी चमच्याने दिलं. एक चमचा राहिला, दुसराही राहिला. आई वाटी घेऊन तासभर तशीच बसली होती.

मग मी फुगा काढला नाही. ही गोष्ट मी नेहमी "जिद्दीने थांबले" अशी सांगत आलेय, टाळ्याही घेतल्यात. खरं कारण पैसे होतं. एफडी मोडून भरलेले सव्वातीन लाख तीन दिवसांत वाया गेले, हे मला घरात सांगता आलं नसतं. रविवारी कुणी म्हणालं असतं की पैसे परत देतो, तर मी त्याच क्षणी गाडीत बसले असते.

पुढचे महिने चांगले गेले, हेही तितकंच खरं. अर्धी ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मुगाची उसळ खाल्ली की आत कुणी हात आडवा धरावा तसं व्हायचं. फुगा जागा अडवतो आणि जठर रिकामं व्हायलाही वेळ लावतो, त्यामुळे सकाळचं खाणं दुपारपर्यंत जाणवायचं. अंड्यासारख्या वासाच्या ढेकरा यायच्या, त्यांनी मी शाखेत अवघडून जायची. सोळा आठवड्यांत 94 वरून 81.4 वर आले. साखर 5.7 झाली. गुडघा दुखायचा थांबला. रात्री घोरणं थांबलं, असं लेक म्हणाली.

आणि एक गोष्ट कळली, जी मला आधी कुणी सांगितली असती तरी पटली नसती. भूक गेली, पण संध्याकाळी सहाला घरी आल्यावर डब्याकडे जाणारा हात गेला नाही. पोट भरलेलं असतानाही मी झाकण उघडून उभी असायची. त्या हाताचं काय करायचं याची तयारी त्या चार महिन्यांत करायची असते. आहारतज्ज्ञ बाई दर पंधरा दिवसांनी तेच सांगत होत्या. मी ऐकलं, लिहून घेतलं, आणि वजनकाटा रोज खाली जातोय या आनंदात केलं मात्र नाही. याच काळात शाखेच्या ग्रुपवर मी फोटो टाकला होता, जुना आणि नवा, खाली "आयुष्यातला सर्वांत चांगला निर्णय". त्या मैत्रिणीच्या बहिणीने तोच बघितला. त्या फोटोतल्या बाईशी मी अजून भांडते. तिला म्हणते, तीन रात्रींबद्दल एक ओळ लिहायला काय झालं होतं तुला? ती म्हणते, तेव्हा मी खूश होते, तेवढंही नको का मला? दोघींचंही मला पटतं.

फुगा गेला ते मला कळलंच नाही. काहींना दिसतो, मला काही दिसलं नाही. पंधराव्या आठवड्याच्या शेवटी दुपारी साडेबाराला मी कॅश जुळवत होते आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी कांद्याच्या पातीच्या भाजीचा डबा उघडला. आणि मला भूक लागली. पोटात खड्डा पडतो तशी, लहानपणी शाळेतून पळत घरी येताना लागायची तशी. वजन वाढणार ही भीती नंतर आली. आधी मला बरं वाटलं. खूप दिवसांनी कुणी ओळखीचं भेटावं तसं. हे आजवर मी यांनाही सांगितलेलं नाही.

आता दीड वर्ष झालं. आज सकाळी काटा 87 दाखवत होता. साखर 6.0. मधे तीन महिने मूठमूठ केस गळाले, आता थांबलेत. "मग फायदा काय झाला?" असं विचारणाऱ्यांना मी म्हणते, सात किलो आणि दुखायचा थांबलेला गुडघा. ते म्हणतात, सव्वातीन लाखांत? यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ते ज्या सुरात विचारतात, तो सूर मामाला कुणी लावला नव्हता. पाय जायची वाट बघितली की लोक दया करतात आणि आधीच काही केलं की हिशेब मागतात.

कुतूहलाने मागचं वाचत गेले. अमेरिकेत 1985 मध्येच जठरात ठेवायच्या हवेच्या फुग्याला मान्यता मिळाली होती. अल्सर झाले, फुगे मधेच बसले, आतड्यात अडकले, आणि काही वर्षांत तो मागे घ्यावा लागला. 1987 मध्ये फ्लोरिडातल्या टारपन स्प्रिंग्ज इथे तज्ज्ञ जमले आणि फुगा कसा असावा हे त्यांनी ठरवलं. गुळगुळीत, पाण्याने भरलेला, एक्स-रेत दिसणारा. माझ्या पोटात होता तो त्याच वाटेवरचा. हे वाचल्यावर माझी भीती कमी झाली, की माझ्या आधीच्या बायकांचे हाल आठवून वाढली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात कोरेगावहून एकीचा फोन आला. वय एकोणचाळीस, वजन माझ्याएवढंच होतं तेव्हाचं. तिला मी हे सगळं सांगितलं. पोटाचं आधी उघडं ऑपरेशन झालंय का विचारलं, कारण आतडी चिकटलेली असली तर रिकामा फुगा तिथे अडकू शकतो. फुगा आत असताना दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, जठराला जखम होते. फुगा सुटल्यावर पोट सतत दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता निघायचं. घरात आधी सांगायचं, सगळ्यांना. ती सगळं ऐकून म्हणाली, "ताई, पण घेऊ का नको?"

मी म्हणाले, मला माहीत नाही गं. घेतलास तर पहिल्या तीन रात्री मी येऊन बसते. लाह्या मी आणते.