तुम्ही विचारलंत म्हणून: जावातल्या खेड्यात भीती नाही वाटत?

जुन्नरला माहेरी गेले की प्रश्न ठरलेले. आधी "तिकडे खातेस काय?" मग आवाज जरा खाली आणून, "रात्री-अपरात्री भीती नाही वाटत का गं?" पुरुषमंडळींचा वेगळा: "घर कुणाच्या नावावर आहे?" मागच्या दिवाळीत तर काकांनी विचारलं की तिकडे एखादा एकर घेऊन ठेवता येईल का. दर वेळी मी हसून वेळ मारून नेते, कारण खरं उत्तर चहाच्या कपात मावत नाही. आता लिहूनच टाकते.

मी इंडोनेशियात, मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यात राहते. सकाळी आभाळ मोकळं असेल तर ओट्यावरून मेरापी ज्वालामुखी दिसतो. नवरा पुण्यात शिकायला होता, तिथली ओळख. गाव भाताचं. घरं एकमेकांना खेटून, मागे नारळ-केळीचं परसू, आणि परसू संपलं की लगेच खाचरं. दिवसभर आमचं पुढचं दार उघडं असतं. येणारा दारात उभा राहून "कुलो नुवून" म्हणतो, आतून "मोंगो" म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकत नाही.

ओट्याच्या खांबाला पाण्याच्या बाटलीचं कापलेलं बूड खिळ्याने ठोकलंय. रोज संध्याकाळी त्यात पाचशे रुपियाचं नाणं टाकायचं, म्हणजे आपले जेमतेम अडीच-तीन रुपये. याला जिम्पितान म्हणतात. जिम्पित म्हणजे चिमूट. पूर्वी नाण्याऐवजी चिमूटभर तांदूळ ठेवायचे. रात्री गस्तीची माणसं घरोघर फिरून ते गोळा करतात. त्या पैशातून रस्त्यावरचे दिवे, कुणाच्या आजारपणाला मदत, मयताचा खर्च असं भागतं. पण खरी हुशारी पैशात नाही. नाणं उचलायला प्रत्येक घराच्या ओट्यापर्यंत जावंच लागतं. गस्त आपोआप होते.

नवीन होते तेव्हा, नवरा सेमारांगला गेलेला असताना, मी तीन दिवस नाणं टाकायला विसरले. चौथ्या सकाळी शेजारच्या बाई आल्याचा काढा घेऊन हजर. "ताप आहे का?" मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, बाटली रिकामी होती ना.

गस्तीला रोंडा म्हणतात. प्रत्येक पुरुषाचा आठवड्यातला वार ठरलेला. चौकातल्या चौकीत पत्ते, चहा, कॅरम, आणि दर थोड्या वेळाने एक फेरी. नवऱ्याची पाळी असली की मी कांदाभजी करून पाठवते. तेव्हा इतर वारांची माणसंही सहज म्हणून उगवतात. चौकीत केंतोंगान टांगलेलं असतं, म्हणजे लाकडाचा पोकळ ओंडका, मध्ये लांब खाच. त्याचे ठोके ठरलेले आहेत. सावकाश ठोके म्हणजे सगळं ठीक. न थांबता, धाप लागल्यासारखे भराभर ठोके म्हणजे तितिर: संकट आलंय, बाहेर या.

आपल्या गावगाड्यात जागल्या होता, तसंच हे असं मला आधी वाटायचं. पण जागल्या एका जातीच्या डोक्यावर टाकलेलं काम होतं, इथे शाळामास्तरांपासून बैलगाडीवाल्यापर्यंत सगळ्यांची पाळी. आणि ज्याला सगळे वाडवडिलांची रीत म्हणतात त्यातलं बरंच तसं जुनं नाहीच. गल्लीतली घरं मोजून त्यांच्यावर एक प्रमुख, आमचा पाक एरते, ही रचना जपान्यांनी १९४२ ते १९४५च्या ताब्यात आणली. त्यांना शेजाऱ्यावर शेजाऱ्याची नजर हवी होती. पुढे १९८०च्या दशकात हुकूमशहा सुहार्तोंच्या राजवटीने रात्रीच्या गस्तीला सरकारी शिस्त लावली. आजही गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे: पाहुण्यांनी चोवीस तासांत वर्दी द्यावी.

तर चोराची भीती? फार नाही. कोंबड्या जातात, मोटारसायकल जाते, खाचरातला पाण्याचा पंप जातो. आपल्याकडे विहिरीवरची मोटार आणि केबल जाते तसंच. पैसे घरातून गायब झाले तर तुयुल नावाच्या भुताच्या पोरावरही संशय जातो. कुणीतरी ते पाळलंय, आणि ते रात्री नागडं येऊन नोटा नेतं. माझ्या कपाटातले पैसे माझ्याच पोराने नेले होते, पण सासूबाईंनी तुयुलला बरेच दिवस सोडलं नव्हतं.

भीती मला एकदाच वाटली, आणि ती चोराची नव्हती. भात काढणीच्या आधीचे दिवस. रात्री दोनच्या सुमारास तितिर सुरू झालं. एका चौकीतलं दुसरीने उचललं, दुसरीचं तिसरीने. लुंग्या खोचून माणसं पळाली. पंप चोरायला दोघे आले होते, एक पाटाजवळ सापडला. मी ओट्यावर होते. मला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. शेवटी पाक एरते आणि दोन म्हाताऱ्यांनी त्याला ओढून चौकीत घातलं, दारात स्वतः उभे राहिले आणि पोलीस येईपर्यंत हलले नाहीत. पोरगा वाचला. सकाळी शेजारचे काका नेहमीसारखे पपई घेऊन आले. हातात घेताना पाहिलं, त्यांच्या उजव्या मुठीची हाडं सुजली होती.

मी पपई घेतली. काय करणार होते?

सासूबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. तितिर ऐकलं की त्या १९६५ मध्ये जातात. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. इथल्या त्या सालच्या कहाणीचं मूळही जमिनीतच आहे. १९६०च्या कायद्याने जादा जमीन वाटायची ठरली, वाटप रखडलं, आणि कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेने स्वतःच जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. क्लातेन त्यात आघाडीवर होतं. १९६५च्या ऑक्टोबरनंतर लष्कर आणि त्याच्या बाजूच्या टोळ्यांनी देशभर माणसं मारली. आकडा पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त धरतात. कोण कुठे राहतो, कोणाकडे कोण येतं, हे सगळं शेजाऱ्यांना ठाऊक होतंच. सासूबाई एवढंच सांगतात की त्यांच्या वडिलांनी घरचं केंतोंगान काढून चुलीत घातलं. पुढचं मी विचारत नाही.

आता मालमत्तेचं. काका, तुमचा एकर विसरा. त्याच १९६०च्या कायद्याने पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला फार तर मुदतीचा वापरहक्क. एखाद्या स्थानिकाच्या नावावर घेऊन मागून कागद करू असं सुचवणारे दलाल भेटतील, पण तो कागद कोर्टात उभा राहत नाही. माझंच घ्या. लग्न होताना आम्ही मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला नव्हता, त्यामुळे मी परदेशी म्हणून नवऱ्यालाही जमीन घेताना अडचण. २०१६ मध्ये इथल्या संविधान न्यायालयाने लग्नानंतरही असा करार करता येईल असं ठरवलं, तेव्हा कुठे आम्ही नोटरीकडे जाऊन सह्या केल्या. नवऱ्यामागे जमीन माझ्याकडे आली तरी वर्षाच्या आत ती मला दुसऱ्याला द्यावी लागेल. ज्या ओट्यावर बसून हे लिहितेय तो माझा नाही. तरी मला इथून कोणी काढेल असं वाटत नाही, आणि जुन्नरच्या सातबाऱ्यावर माझं नाव असूनही तिथल्या वाटणीत मला कोणी बोलावलं नाही, हेही जाता जाता नोंदवते.

इथे वाटणीची जुनी रीत फार चित्रमय आहे: मुलाला कावडभर, मुलीला झोळीभर. कावडीला दोन ओझी, पाठीवरच्या झोळीत एक. म्हणजे मुलीचा हिस्सा निम्मा. अनेक घरांत सरळ समसमान वाटतात, सासूबाईंच्या माहेरी तसंच झालं. पण समसमान वाटून वाट्याला काय येणार? अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमिनीचे शेतकरीच सगळीकडे. आमच्या शेताचा एक तुकडा दुसऱ्याकडे अर्धेलीने आहे. त्याला इथे "मारो" म्हणतात. फोनवर एकदा आईला म्हटलं, "जमीन मारोने दिलीय," तर ती घाबरली.

खरा धोका विचाराल तर तो उंदरांमुळे येतो. भात पोटरीला आला की खाचरं रातोरात फस्त होतात. मग काही जण खाचराभोवती उघडी तार लावून करंट सोडतात. आपल्याकडे रानडुकरांसाठी सोडतात तसाच. पूर्वेला स्रागेन जिल्ह्यात अशा तारांनी कितीतरी शेतकरी गेलेत, पुष्कळदा स्वतःच लावलेल्या तारेने. पहाटे पाणी बघायला जायचं, बांध ओला, पाय घसरला की संपलं. आमच्याकडे पाण्याची पाळी पाटकरी ठरवतो, उलु-उलु म्हणतात त्याला, आणि आमची पाळी नेमकी रात्रीची. नवरा निघाला की मी गमबूट घातलेत का बघते. चोर आठवतही नाही.

आणि दुसरा धोका जमिनीखालचा. २७ मे २००६ला सकाळी सहाच्या आत भूकंप झाला, बांतुल, क्लातेन हे जिल्हे आणि आसपासचा भाग मिळून पाच हजार सातशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घराच्या विटांच्या भिंती कोसळल्या, सागाचा जुना सांगाडा उभा राहिला. सासूबाई चुलीपाशी होत्या म्हणून वाचल्या. विटा काढायला पहिले कोण आले, तर पपईवाले काका. त्यांचं स्वतःचं घर तेव्हा पडलेलं होतं. ते आधी आमच्याकडे आले.

आईचा रोजचा प्रश्न तरी तोच: "दार लावलंस ना?" मागून बाबा सांगत असतात की उसात बिबट्याची मादी आलीय, संध्याकाळी पाचनंतर कोणी बाहेर पडत नाही.

तुमच्यापैकी दोघं-तिघं येऊ म्हणता आहात. पाऊस टाळून या, इथे जून ते सप्टेंबर कोरडे महिने, तेव्हाच या. पासपोर्टची झेरॉक्स आणा, आल्या दिवशीच पाक एरतेंकडे द्यायची असते. ते आधी चहा देतील, मग विचारतील तुम्ही माझ्या कोण लागता, किती दिवस राहणार, लग्न झालंय का, मुलं किती. सगळं सांगा. नाही सांगितलंत तरी रात्रीपर्यंत त्यांना कळेलच.