लिपस्टिकवाले गळे आणि तुरीतली जागल

जागलीला मचाणावर बसून स्किड रो हा अमेरिकन रॉक बँड वाजवणारा आख्ख्या वर्धा जिल्ह्यात मी एकटाच असीन, आणि डुकरांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही हे आधीच सांगून टाकतो. झालं असं की तूर शेंगेवर आली की रात्री वावरात कोणीतरी राहावंच लागतं, नाहीतर सकाळी जाऊन आडवं झालेलं पीक बघत बसायचं, आणि यंदा माझी पाळी मोठेबाबांसोबत लागली. थंडी बेकार, खाली शेकोटी, मोठेबाबांचा खर्रा घोटून झालेला आणि माझ्याजवळ तो छोटा ब्लूटूथ स्पीकर. म्हणलं आवाजानंच डुकरं पळणार असतील तर आपल्या आवडीचा आवाज काय वाईट आहे.

लावलं त्यांचं एटीन अँड लाइफ. १९८९ चं गाणं, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचं, मला हे सगळं लागलं ते अमरावतीच्या हॉस्टेलमध्ये रूम पार्टनरच्या मेमरी कार्डातून, त्यात अर्धी भीमगीतं आणि अर्धे हे केसाळ लोक होते. तर गाणं सुरू होतं तेव्हा तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो, हळू, दबक्या आवाजात, मग चढत चढत जातो आणि पुढं एका जागी असा काही वर जाऊन थांबतो की मोठेबाबांनी घोंगडीतून तोंड बाहेर काढलं.

"हे कोन बाई गाऊन राह्यली बे?"

"बाई नाही मोठेबाबा, माणूस होय तो."

मोबाईलवर फोटो दाखवला. सेबॅस्टियन बाख, स्किड रोचा तेव्हाचा गायक. लांबच लांब सोनेरी केस, नाजूक चेहरा, टाइट पँट. मोठेबाबांनी फोटो दूर धरून पाह्यला, जवळ धरून पाह्यला, "बाईच तर होय" म्हणले आणि परत घोंगडीत. पण पाचेक मिनिटांनी आतूनच आवाज आला, "पुन्हा लाव बरं ते."

आता मोठेबाबा म्हणजे कोण हे सांगणं जरुरी आहे. गावातल्या गुरुदेव भजन मंडळाचे ते मुख्य गायक, खंजेरी हातात आली की वय पासष्टचं पंचवीस होतं, आणि आरोळी मारली तर तीन वावरं पलीकडच्या मचाणावरून उत्तर येतं. गाण्यातलं त्यांना कळतं पण शाळेतलं नाही, कानातलं कळतं. तर हा माणूस दुसऱ्यांदा ऐकून काय म्हणाला, "पोट्ट्याचा दम पाय. गळा रिकामा ठेवला त्यानं, बेंबीतून काढून राह्यला."

मी दहा वर्षं लोकांना हेच समजावून सांगतोय आणि मला एका ओळीत कधी जमलं नाही.

माझी तक्रार अशी आहे की ग्लॅम मेटल, म्हणजे नटूनथटून वाजवायचं हे दणदणीत गिटारीचं रॉक, म्हटलं की लोक पहिले हसतात. हेअरस्प्रे, काजळ, लिपस्टिक, वाघाच्या पट्ट्याच्या पँटी. १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झालं आणि दिसण्याला भाव आला, मग लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर जो तो केस फुगवायला लागला हे खरंच आहे, त्यात काही नुसतेच केस होते हेही खरं. पण मेकअप केला म्हणून गळा खोटा हा कुठला हिशोब? आपल्याकडं बालगंधर्व शालू नेसून, नथ घालून स्टेजवर यायचे आणि बाया त्यांच्या लुगड्याची फॅशन करायच्या, म्हणून त्यांच्या गाण्याला कोणी नाटकी म्हणलं का? इकडं दंडारीत पोट्टे लुगडं नेसून पहाटेपर्यंत नाचतात गातात, त्यांना कोणी हसत नाही, उलट बक्षिसं देतात. मग त्या बिचाऱ्या गोऱ्यांनीच काय घोडं मारलं.

बरं हा बाख काही रस्त्यावरून उचललेला नाही. लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायचा. पुढं २००० साली न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर जेकिल अँड हाइडमध्ये मेन रोल केला, तिथं आठवड्याला आठ खेळ असतात, रोज लाइव्ह गायचं, आज घसा बसलाय म्हणून चालत नाही. आमच्या ताईच्या सासरी वडशाकडं झाडीपट्टीची नाटकं बघितली की मला हा माणूस आठवतो, तिथंही नट रात्रभर उभं राहून स्वतः गातो, ऑर्गन तबला बाजूला, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात परत तेच. आणि एक आपलं उगाच, बाखचा जन्म १९६८ चा आणि आपले तुकडोजी महाराज गेले तेही १९६८ ला. मोठेबाबांना हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो.

तर हे लोक एवढं वर का गात होते? स्टाइल आहेच, त्यांच्या आधी लेड झेपेलिनचा रॉबर्ट प्लांट आणि डीप पर्पलचा इयान गिलन या गायकांनी तो रस्ता पाडून ठेवला होता. पण मला वाटतं खरं कारण गिटारचं आहे. फुल आवाजात सोडलेली इलेक्ट्रिक गिटार मधली सगळी जागा खाऊन टाकते, खाली बास आणि ड्रम, आता गाणाऱ्यानं नेहमीच्या बोलायच्या पट्टीत गायलं तर तो त्या गदारोळात गाडला जाणार, मग जागा उरते ती वर. आपल्याकडं जुन्या नाटकात माइक नव्हता तेव्हा पुरुष काळी चारच्या उंच पट्टीत गायचे ना, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं म्हणून, तसंच हे. साधा माणूस बोलतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला शंभर ते दीडशे वेळा हलतात, आणि हे जिथं जाऊन उभे राहतात तिथं पाचशेच्या वर. तेही दोनेक सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या! त्या ताणून पातळ करायच्या, खालून हवेचा दाब मोजून मापून सोडायचा, आणि वरून तो खरखरीतपणा आणायचा. तो खरखर आवाज चांगले गायक खऱ्या तंतूंना घासून काढत नाहीत, त्यांच्या वर जे आणखी दोन पडदे असतात तिथून काढतात, निदान काढायला पाहिजे. नाहीतर वाट लागते, ते पुढं येतंच.

बॉन जोवी बँडचं लिव्हिन ऑन अ प्रेयर सगळ्यांनी ऐकलंय, १९८६ चं. त्यात शेवटच्या कोरसला गाणं एकदम तीन पट्ट्या वर उचलतात. पेटीवर बसून करून बघा, आधीच वर असलेलं गाणं अजून तीन पट्ट्या वर न्यायचं आणि तेही शेवटी, दम संपत आल्यावर. स्टुडिओत ठीक आहे, पण वर्षानुवर्षं रोज रात्री स्टेडियममध्ये? २०२२ मध्ये त्यांच्या गायकाला, जॉन बॉन जोवीला, स्वरतंतूचं ऑपरेशन करावं लागलं. मला आश्चर्य वाटलं नाही, इतकी वर्षं टिकला याचंच वाटलं.

स्टीलहार्ट बँडचा गायक मिल्येन्को मातियेविच हा माझ्या हिशोबानं सगळ्यात वरचा. शीज गॉन, १९९० च्या अल्बममधलं. कोरियात म्हणे पोरं कराओकेत याच गाण्यावर एकमेकांची जिरवतात. मी एकदा आमच्या विहिरीवर कोणी नाही बघून प्रयत्न केला होता, दुसऱ्या मजल्यावर जायचं होतं आणि मी पहिल्या पायरीवर घसरलो, वर बांधावरून सालदारानं विचारलं, काही चावलं का भाऊ. १९९२ मध्ये शो चालू असताना त्याच्या अंगावर लाइटचा अख्खा सांगाडा पडला, बँडच बसला, पण गळा शाबूत राह्यला, २००१ च्या रॉक स्टार सिनेमात हिरो ओठ हलवतो आणि आवाज याचा आहे.

सगळेच असे नव्हते. पॉयझनचा ब्रेट मायकल्स काही मोठा गायक नाही पण वरातीत जो माणूस पाह्यजे असतो तो आहे, आणि त्या गाण्यांना तेच लागतं. डेफ लेपर्डचा १९८७ चा हिस्टेरिया अल्बम ऐकला तर एक माणूस गातोय असं वाटतच नाही, त्यांचा निर्माता मट लँगनं थरावर थर आवाज रचलेत, ती कारागिरी वेगळी. उलट किक्सचा स्टीव्ह व्हाइटमन घ्या, नाव फारसं झालं नाही पण तो पुढं गाणं शिकवायला लागला आणि आज गाजणारी रॉक गायिका लिझी हेल त्याच्याकडं शिकलेली आहे. ज्याला लोक नुसता ओरडणारा म्हणायचे तो मास्तर निघाला.

आणि सिंड्रेला बँडचा गायक टॉम कीफर. याचं मी मोठेबाबांना मुद्दाम सांगितलं, पण ते तेव्हा नाही, नंतर.

माघात गावात सप्ताह बसला. यंदा मंडपवाल्यानं साउंड नवा आणला, मोठे मोठे डब्बे, सगळे लोकांकडं तोंड करून. भजन मंडळाकडं एकही नाही. समोर दणदणाट आणि मोठेबाबांना स्वतःचा आवाजच ऐकू येईना. आणि माणसाचं असं आहे की आपला आवाज कानावर आला नाही की तो आपोआप जोरात ओरडतो, मोबाईलवर गाण्याचे हेडफोन घालून बोलणारा माणूस बघा. आयुष्यभर बेंबीतून गाणारा माणूस सात दिवस गळ्यातून गायला. मी तिसऱ्या दिवशीच म्हणलं होतं एक डब्बा इकडं फिरवा, तर मंडपवाला म्हणे, "पब्लिक तिकडं हाये भाऊ." काल्याच्या दिवशी मोठेबाबांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

वर्ध्याला नेलं. दुर्बिणीनं गळा पाह्यला, सूज आणि एक बारीक गाठ. डॉक्टर म्हणले महिनाभर आवाज बंद, कुजबुजायचं पण नाही, त्यानं उलट ताण येतो, आणि खर्रा तर विसरूनच जा. येताना एसटीत मोठेबाबा खिडकीबाहेर बघत बसले होते, इतका चूप माणूस मी त्यांना कधी बघितला नाही. मग घरी मी कीफरचं लावलं. १९८६ चा पहिला अल्बम, फाटल्या टिनासारखा आवाज पण सुरात, एक सूर इकडचा तिकडं नाही. मग सांगितलं की १९९१ मध्ये याचा डावा स्वरतंतू अर्धवट लुळा पडला, डॉक्टर म्हणले परत गाशील याची काही गॅरंटी नाही. ऑपरेशनं झाली, एकदा नाही, बऱ्याचदा. मग पोरासारखं पहिल्यापासून शिकला, सा लावण्यापासून, वर्षं गेली, आणि २०१३ मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. मोठेबाबांनी पाटी मागितली (नातवाची पाटी आता तीच त्यांची जीभ झालीय) आणि लिहिलं, किती वर्षं. मी म्हणलं वीसच्या वर. त्यांनी पाटी पुसली, काही लिहिलं नाही.

त्या लोकांचंही बहुतेक हेच व्हायचं असं मला आता वाटतं. मागं भिंतीएवढे अँप्लिफायर, पुढं ड्रम, स्टेजवर जमिनीवर ठेवलेले मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडं तोंड केलेले डब्बे, त्या गोंगाटात काय ऐकू येणार, कानात घालायची यंत्रं सर्रास आली ती नंतर. गाणारा आंधळ्यासारखा गायचा, सूर कुठं आहे ते हाडांना जाणवतं तेवढंच. आणि तशात रोज काळी चारच्या वर. ज्यांचा टिकला त्यांना मी आता जास्तच मानतो. त्यांच्या केसांवर हसायचं तर हसा बापा.

तूर निघाली, आता चन्याची जागल सुरू आहे. मोठेबाबा येतात, नको म्हणलं तरी येतात, डबा वाजवतात. आरोळी मारायचं काम माझ्याकडं. परवा रात्री दोनच्या सुमाराला धुऱ्याकडून खसखस ऐकू आली, मी उभा राह्यलो आणि जीव खाऊन ओरडलो, तर अर्ध्यातच आवाज फाटला, खोकला लागला, डुकरांनी बहुतेक मान वर करून पाह्यलं असेल आणि परत खायला लागली असतील. मोठेबाबांनी टॉर्च माझ्यावर मारला. मग जवळची काठी उचलली आणि तिच्या टोकानं माझ्या पोटात, बरोबर बेंबीच्या वर, दोनदा टोचलं.

म्हणलं हाव, पुन्हा मारतो.