आबांच्या जागेवर

आबा २०१९ च्या मार्गशीर्षात गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन. पुढची दोन वर्षं पायी वारी झालीच नाही, माऊलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. म्हणून त्यांच्या माघारी आमच्या घरातून पहिली वारी झाली ती २०२२ ची. दिंडीत मृदंगाच्या पुढे, डावीकडच्या ओळीत त्यांची जागा. आळंदीतून निघताना दिंडीप्रमुखांनी मला तिथं उभं केलं आणि त्यांचे टाळ हातात दिले. टाळांची दोरी त्यांनीच वळलेली, गाठ पलटणीतली, ओढली की आणखी घट्ट बसणारी.

घरात आबा मोजकंच बोलायचे. लढाईला इटलीत होते, कोयनेच्या धरणावर कामाला होते, एवढंच आम्हा नातवंडांना माहीत. वारीत मात्र ते मोकळे व्हायचे. त्यांचं आयुष्य या वाटेवरच्या माणसांकडे ठेव म्हणून पडून होतं, हे मला दिवे घाटात कळलं.

घाट चढताना शेजारचे तात्या म्हणाले, "लढाईची गोष्ट इथंच असायची. चढ संपेस्तोवर पुरवायचे." मग तेच सांगू लागले. १९४१ साली अठराव्या वर्षी आबा घरी न सांगता भरती झाले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून इटलीत गेले. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे मशीनगनवर एकटे धावून गेले. हाताखालची सगळी तुकडी मेलेली किंवा जखमी झालेली. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा दुसऱ्या कंपनीत होते. घाडग्यांचं नाव घेतलं की ते टाळ थांबवायचे, असं तात्या म्हणाले.

जेजुरीच्या पुढे माझ्या टाचेला मोठा फोड आला. वाल्ह्याच्या मुक्कामी राहुटीत पाटणकडच्या एका आजींनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला, दोरा तसाच आत ठेवला, पाणी झिरपून गेलं. सुई चालवता चालवता म्हणाल्या, "तुझ्या आज्यानं माझ्या धाकट्या दिराला ढिगाऱ्यातनं काढलाय." ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. आबा तेव्हा कोयनानगरला होते. पहाटेच्या अंधारात आणि थंडीत हातांनी दगड उपसत होते. नखं गेली होती म्हणे. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं वाकडी होती, ती मी लहानपणापासून बघत आलो. कशानं झाली हे मला तिथं, त्या राहुटीत समजलं. मला रडू आवरेना. आजींनी दोऱ्याचं टोक कापलं आणि गरम पिठलं-भाकरी पुढ्यात ठेवली.

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. घोडा गेल्यावर सगळे टापांची माती कपाळाला लावत होते, तेवढ्यात एकानं बहात्तरच्या दुष्काळाचं काढलं. आबा खडी फोडण्याच्या कामावर मुकादम होते. कुणाचं पोर तापानं फणफणलं की त्या बाईला सावलीला बसवायचे आणि तिच्या वाटची खडी स्वतः फोडायचे. सुकडी वाटताना आपला वाटा शेवटी घ्यायचे, उरला तर. माझ्या मते हेच त्यांचं सगळ्यात मोठं धाडस. लढाईत पलटण तरी पाठीशी असते.

त्या वर्षी आषाढी एकादशी १० जुलैलाच आली. चंद्रभागेत स्नान झालं, कळसाचं दर्शन घेतलं आणि विठ्ठलाजवळ आबांबरोबर घाडग्यांचंही नाव घेतलं. तात्यांना तारीख सांगितली तेव्हा त्यांनी मला पोटाशी धरलं.

आता मी वही केली आहे. सोबत्यांपैकी बरेच ऐंशीच्या पुढचे, त्यामुळे घाई आहे. इटलीच्या डोंगरात आबांनी रसद लादलेलं एक खेचर चिखलातून रात्रभर ओढत नेलं होतं, ती गोष्ट तात्यांनी भंडीशेगावात सुरू केली आणि हरिपाठाची वेळ झाली म्हणून अर्धीच राहिली. उरलेली ऐकायला दिवाळी झाल्यावर त्यांच्या गावी जाऊन आलो. खेचर वाचलं होतं.