पिवळे तळहात, पांढरे डोळे

आईचे तळहात आणि तळपाय पिवळे दिसायला लागले तेव्हा शेजारच्या काकूंनी लगेच कावीळ ठरवून टाकली आणि गावठी औषध देणाऱ्याचा पत्ताही दिला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मी आधी तिचे डोळे पाहिले. पांढरे स्वच्छ. कावीळ असती तर पिवळेपणा तिथे उतरला असता. काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य, बिलिरुबिन, नॉर्मल आलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावलं की वाढणारं हार्मोन, मात्र बरंच वाढलेलं आणि कोलेस्टेरॉलही.

आई रोज लाल भोपळा, गाजर, पपई खाते. त्यातलं बीटा-कॅरोटीन हे केशरी रंगद्रव्य आतड्यात आणि काही प्रमाणात यकृतात तुटून त्याचं अ जीवनसत्त्व बनतं. थायरॉईड मंदावलं की हे काम रेंगाळतं. त्यात यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, नीट उचलत नाही, आणि कॅरोटीन फिरतं ते मुख्यतः एलडीएलवर बसूनच. मग ते रक्तात साचतं आणि तळव्यांच्या जाड कातडीत उतरतं. वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि पिवळे हात, दोन्हींचं मूळ एकच!

मला याहूनही विलक्षण वाटते ती बी-२ची गोष्ट. दूध-दह्यातलं हे बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, आहे तसं कामाला येत नाही. यकृतातलं फ्लेव्होकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं, पुढे त्याचं एफएडी होतं, आणि पेशी मुख्यतः वापरतात ते हेच. या एन्झाइमचा वेग थायरॉईडचं हार्मोन वाढवतं. रिचर्ड रिव्हलिन यांनी १९६० च्या दशकापासून उंदरांवर हे अभ्यासलं: थायरॉईड कमी असलेल्या उंदरांच्या यकृतात एफएडी इतकं घटलं, जणू त्यांना बी-२ मिळतच नव्हतं. पुढे माणसांतही दिसलं की नुसतं थायरॉक्सिन (थायरॉईडचं हार्मोन) दिल्यावर, वेगळं बी-२ न देता, रक्तातल्या लाल पेशींमधलं एफएडीवर चालणारं एन्झाइम सुधारतं.

म्हणूनच थकवा आला की टीएसएच न तपासता बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या संपवणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

आईची थायरॉक्सिनची गोळी आता सकाळी उपाशीपोटी असते, चहा नंतर. कॅल्शियम त्या गोळीचं शोषण अडवतं, दोन्हींत निदान चार तास हवेत, म्हणून ते रात्रीच्या जेवणानंतर. भोपळा बंद केलेला नाही, थोडा कमी केलाय. हातांचा रंग उतरायला वेळ लागेल, हे काकूंनाही समजावून सांगितलंय.