क्लच सोडला की टक्क

दिवाळीच्या आधीपासून आमच्या पिकअपला ही खोड लागली होती. क्लच सोडला की मागून टक्क. एकदाच. मग गाडी मुकाट चालायची. ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की पुन्हा टक्क.

मी दूध वाहतो. मागं चाळीस-चाळीस लिटरचे कॅन असतात, त्यामुळे पहिले आठ दिवस मी आळ त्यांच्यावरच घेतला. दोर आवळला, मधे पोती कोंबली. परतीला रिकामे कॅन एवढा गोंधळ घालतात की आवाज असला तरी ऐकू येत नाही. एका सकाळी अण्णा शेजारी होते. तेलगावकडून धारूरचा घाट चढताना वळणावर गिअर पाडला आणि आवाज थेट सीटखाली आला.

"कॅन नाही रे. गाडीच वाजायलीय."

पहिल्या मिस्त्रीनं मागचं चाक जॅकवर उचललं, हातानं मागंपुढं हलवलं आणि निकाल दिला. "बघा किती प्ले आहे. क्राउन-पिनियन गेलं. बावीस हजार धरून चला." आमचा दुधाचा पगार दहा दिवसाला होतो. दोन पगार गेले, असा हिशोब मी तिथंच उभ्या उभ्या केला.

पण मन मानेना. क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या एक्सलमधली, ताकद चाकांकडं वळवणारी दातेरी चाकांची जोडी. तिच्या दातांत थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती नसेल तर दात गरम होऊन एकमेकांना खातील. म्हणजे चाक जरा हललं यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय हे दात झिजले की गाडी बहुतेक वेळा रडते, वेगात एकसारखी हूंऽऽ करते. आमची रडत नव्हती. हे दात ज्या पेटीत असतात त्या हाउसिंगचा ड्रेन नट काढून तेल बोटांत चोळलं, लोखंडाचा चुरा लागला नाही.

मग आवाज कुठून येतो ते सोडून तो कधी येतो हे बघायला लागलो. चेसिसवरून आवाज कुठंही पळतो, कानाचं काय खरं नाही. उभ्या गाडीत रेस केली, आवाज नाही. म्हणजे इंजिनवर संशय नको. एका वेगात चाळीसवर चालवली, नाही. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून सोडली, तरी नाही. फक्त ताकद पालटली की टक्क, आणि पुढच्या गिअरमधून रिव्हर्सला टाकताना सगळ्यात मोठा. म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत कुठंतरी सांधा सैल आहे.

आमच्याकडच्या जुन्या फिटर चाचांनी खाली जाऊन दोन मिनिटांत दाखवलं. चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला. एका हातात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागं नेणारा दांडा, दुसऱ्यात हाउसिंगकडचा फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, आणि उलटसुलट पीळ. पुढचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला चार दांड्यांचा तुकडा, घट्ट. मधली बेअरिंग ठीक. मागच्या क्रॉसला शाफ्ट आधी फिरायचा आणि फ्लँज मागून. क्रॉसच्या दांडीवर टोपीसारखा कप बसतो, त्याच्या कडेला तांबडी भुकटी जमलेली.

"ग्रीस मारतोस का नाही?"

"दर महिन्याला, चाचा."

खरंच मारत होतो. पण ग्रीस गन लावायची, एका कपातून ग्रीस बाहेर आलं की झालं म्हणायचं आणि उठायचं, ही माझी रीत. क्रॉसला चार कप असतात. ग्रीस चारींतून बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. आमच्या चौथ्या कपाची वाट कधी बंद झाली कुणास ठाऊक. खोलला तेव्हा आतल्या बेअरिंगच्या सुया अर्ध्या गायब होत्या आणि क्रॉसच्या त्या दांडीवर कोयत्यानं खाचा पाडाव्यात तशा रेघा होत्या.

शाफ्ट काढायच्या आधी चाचांनी छिन्नीनं खुणा केल्या: फ्लँजवर एक, सरकत्या जोडावर एक. मी खडू पुढं केला तर म्हणाले, "खडू डिझेलनं धुतला जातो." शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत बसले पाहिजेत. एक दाता चुकला तरी आवाज जाऊन थरथर मागं लागते, आणि मग माणूस चाकांचं बॅलन्सिंग करत फिरतो.

क्रॉस आणि मजुरी मिळून हजाराच्या आत भागलं.

रिव्हर्सला टाकताना अजून बारीक टिक येते. चाचा म्हणाले, "ते क्राउन-पिनियन आहे. तेवढं वाजू दे."