फायबरची डॉल्फिन आणि तिच्या पोटातला गंज : माझा अनुभव

२०२२ च्या दिवाळीत मामाच्या गावी, परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गेलो होतो. मामाच्या ओळखीच्या एका शेटजींची कापसाची जिनिंग बरीच वर्षं झाली बंद आहे, तिथं मामासोबत सहज गेलो अन् मागच्या शेडमध्ये फाटक्या ताडपत्रीखाली एक गाडी दिसली. आधी वाटलं मारुती असेल. ताडपत्री वर केली तर सिपानीची डॉल्फिन! अंगावर काटा आला खरंच. मी तेव्हा परभणीत डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, वय २०, अन् ही गाडी आजवर फक्त फोटोत बघितलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बंगळुरूला सनराइज ऑटो म्हणून कंपनी होती, सिपानींची. त्यांनी आधी बादल नावाची तीन चाकी फायबरची गाडी काढली अन् मग १९८२ मध्ये ही डॉल्फिन. मूळ गाडी इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची, किटन नावाची. ८४८ सीसीचं चार सिलेंडरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, ड्राइव्ह मागच्या चाकांना, दारं दोनच, बॉडी सगळी फायबरची. खाली लोखंडी चेसिस (गाडीचा सांगाडा) अन् त्याच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, म्हणजे किट कारसारखीच सुटी सुटी करता येते. हलकी असल्यामुळं त्या काळात रॅलीत लई पळायची. पण डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, मग घरच्या वापराला दोन दारांची फायबरची गाडी कोण घेणार. थोड्याच वर्षांत डॉल्फिन बंद झाली. आमच्या भागात तर मी दुसरी बघितलेली नाही.

शेटजींच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली गाडी होती ती. वडील वारले, गाडी तशीच उभी राहिली. शेटजी म्हणाले, "ने बाबा, पण अर्धी खोलून भंगारात घालणार असशील तर आत्ताच सांग, राहू दे तिला इथंच." मी शब्द दिला. १८ हजारांत ठरलं, त्यातले १० माझे ट्यूशनचे साठवलेले अन् ८ आईनं दिले, पप्पांना नंतर सांगितलं.

आता मुद्दा असा की गाडी बघायला जो यायचा तो एकच बोलायचा, फायबरच्या गाडीला काय गंज लागतंय, पॉलिश मारा अन् इंजिन चालू करा. मीही तेच धरून चाललो होतो. बॉडीला भेगा होत्या, रंग उडालेला, पण ठोकून बघितलं की खणखणीत. म्हणून मी सुरुवातीचा दीड महिना वरचा रंग घासण्यात घालवला. ते काम वाया गेलं नाही, पण क्रम चुकला. कोणाकडं अशी गाडी असेल तर कळकळीनं सांगतो, आधी खाली झोपा अन् पेचकस घेऊन चेसिसला टोचून बघा. माझा पेचकस ड्रायव्हरच्या सीटखाली मुठीपर्यंत आत गेला.

मग बॉडी काढायचीच ठरवली. बोल्ट सडलेले, निम्मे कापून काढले. फेब्रुवारीत एका रविवारी गल्लीतली आठ पोरं बोलावली, दारं अन् काचा आधीच उतरवल्या होत्या, आठ जणांनी बॉडी उचलून चार टायरवर ठेवली. खालचं चित्र बघून मी काही बोललोच नाही. चेसिसच्या पोकळ पट्टीत उंदरांनी कापसाचं घरटं केलेलं, ओढायला लागलो तर हातभर लांब कापसाची वात निघत राहिली, त्यात सरकीची टरफलं, अन् शेवटी गंजाचे पापुद्रे. आपली काळी माती तर तुम्हाला माहीतच आहे, एकदा चिकटली की सोडत नाही. पावसाळ्यातला चिखल चेसिसवर थापून बसला की वरून वाळलेला दिसतो, आतून दिवाळीपर्यंत ओल धरतो. वर फायबर टिकत होतं अन् खाली लोखंड मातीनं खाल्लं होतं.

चेसिसचं काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या अण्णांकडं दिलं. त्यांनी कटर हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट केली ती मला कॉलेजमध्ये कोणी शिकवली नव्हती. सपाट फरशीवर चेसिस लेव्हलला ठेवली, सुतळीनं दोन्ही तिरकस मापं घेतली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, अन् खडूनं फरशीवरच लिहून ठेवली. म्हणाले, "वेल्डिंगनं लोखंड ओढतंय बघ, माप घेतल्याबिगर कापलं तर गाडी तिरकी चालंल अन् मग मला शिव्या देशील." मग आधी आडवे अँगल टाके मारून पक्के केले, एक बाजू कापून नवी पट्टी बसवली, थंड होऊ दिली, परत तिरकस माप, मगच दुसरी बाजू. अन् अजून एक, चेसिस नंबर ठोकलेला तुकडा त्यांनी कटरपासून वीतभर लांब ठेवला. त्यावर ग्रीस लावून चिंधी गुंडाळली अन् म्हणाले की हा तुकडा गेला तर गाडी कितीही चांगली केली तरी कागदावर ती गाडीच नाही. तीन आठवडे लागले, रंग धरून २२ हजार.

फायबरचं काम मात्र मी स्वतः केलं, अन् सगळ्यात जास्त जीव त्यातच लागला. तुळजाभवानीची शपथ, सुरुवातीला मला एवढंच माहीत होतं की मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) ठेवायची अन् रेझिन (चिकट राळ) लावायचं. वाळूज एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या शॉपमध्ये माझ्या मित्राचा भाऊ कामाला आहे, त्याच्याकडं दोन दिवस राहून शिकलो. तिथं पहिलं काय सांगितलं असेल तर रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला लागणारं रसायन) आधी घालायचं, ते नीट हलवायचं अन् मगच हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन). कोबाल्ट अन् हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. दोन्ही बाटल्यासुद्धा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. हे वाचून कोणी घरी करणार असेल तर बाकी काही विसरा पण हे विसरू नका.

भेगेवर वरून पुट्टी भरून भागत नाही, चार महिन्यांत परत उघडते. भेग जिथं संपते तिथं बारीक ड्रिलनं भोक पाडायचं म्हणजे ती पुढं पळत नाही. मग आतल्या बाजूनं ग्राइंडरनं दोन्हीकडं पसरट उतार करायचा, जितका लांब उतार तितकी नव्या मॅटची जुन्यावर पकड. आधी छोटा तुकडा, मग मोठा, मग त्याहून मोठा. प्रत्येक थर लोखंडी रोलरनं दाबून हवा काढायची, पांढरे ठिपके दिसले म्हणजे आत हवा राहिली. अन् जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर फायबरवर वापरायचा नाही, तो खालच्या रेझिनलाच खातो. म्हणून मी सगळं पॉलिशपेपरनं हातानं घासलं.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये. परभणीचा मे म्हणजे ४२-४३ डिग्री. वाळूजच्या शेडमध्ये शिकताना हार्डनर टाकल्यावर वीसेक मिनिटं मिळायची. घरी पहिल्या दिवशी सकाळी ११ ला पत्र्याखाली तेवढाच हार्डनर टाकला, मग्ग्यात रेझिन काकवीसारखं होतं, मी ब्रश घेऊन मॅट नीट करायलो तोवर पाच मिनिटांत ते खरवसासारखं थरथरायला लागलं, ब्रश आतच अडकला, मग्गा हाताला चटका बसेल इतका तापला अन् धूर निघाला. पळत जाऊन अंगणात फेकला. आईनं त्या दिवशी काम बंद करायला लावलं. त्यानंतर मी पहाटे साडेपाचला सुरू करून आठला थांबायचो, हार्डनर एक टक्क्याच्या आसपास, अन् एका वेळी पाव किलोच रेझिन. बॉडीवर लहानमोठ्या १९ भेगा होत्या, त्याला जवळजवळ दोन महिने गेले. ग्राइंडिंगच्या धुळीची खाज ज्यानं सोसली त्यालाच कळते. फुल बाह्या, मास्क, मनगटाला टेप लावायची अन् नंतर थंड पाण्यानं अंघोळ, गरम पाण्यानं तर अजूनच आत रुतते असं शॉपमधले सगळे सांगायचे.

इंजिनात मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. इंजिन जाम होतं. आमच्या भागातले जुने मिस्त्री चाचा, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी प्लगच्या भोकातून डिझेल अन् ऑइल सोडायला सांगितलं अन् आठ दिवस हात लावू नको म्हणले. नवव्या दिवशी पान्यानं पुली फिरली, मी तर नाचलोच. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, मात्र निघेना, अ‍ॅल्युमिनियमचं हेड लोखंडी स्टडला धरून बसलेलं. रोज तेल सोडायचं अन् लाकडी हातोडीनं कडेनं हळूहळू ठोकायचं, असं अकरा दिवस केलं तेव्हा आलं. आतमध्ये पाण्याच्या वाटेत पांढरा थर साचलेला, बोअरच्या पाण्यानं घरच्या गिझरमध्ये बसतो ना तसाच. हेड निघालं त्या आनंदात पिस्टन वरखाली होतात का बघायला मी परत पुली फिरवली.

या इंजिनात लाईनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या, ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेले नसतात, सुटे असतात, त्यांच्या भोवती पाणी खेळतं. हेडच त्यांना वरून दाबून धरतं. हेड काढून क्रँक (पिस्टन हलवणारा दांडा) फिरवली की पिस्टन लाईनरला सोबत वर ओढतो अन् खालचं सील सुटतं. मला हे ठाऊक नव्हतं. संध्याकाळी चाचा आले, त्यांनी बोट फिरवलं, दोन लाईनर नखभर वर आलेले. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "ऐसा नक्को करना था बेटा, अब पूरा खोलना पडता." कारण तसंच बांधलं असतं तर पाणी थेट ऑइलमध्ये उतरलं असतं, अन् ऑइल दुधाच्या चहासारखं झालं की बेअरिंग गेलीच समजा. त्या रात्री मला झोप आली नाही. अख्खं इंजिन खाली घेतलं. एक बरं की रिलायंटनं हेच इंजिन त्यांच्या तीन चाकी रॉबिनमध्येही वापरलंय, त्यामुळं इंग्लंडमध्ये पार्ट अजून मिळतात. सील अन् हेड गॅस्केट तिथून मागवलं, कस्टम धरून साडेअकरा हजार, अन् यायला दीड महिना. परत बांधताना चाचांनी लाईनरवर पट्ट्या कसून ठेवल्या, मगच क्रँक फिरवू दिली. आता रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नाही, डिस्टिल्ड वॉटर अन् कूलंट.

ब्रेकचं फार सांगण्यासारखं नाही. व्हील सिलेंडरचा आतला व्यास मोजला अन् देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला जाऊन राणीगंजच्या स्पेअरपार्टच्या दुकानांतून त्याच मापाचं रबर किट आणलं.

वायरिंगनं पंधरा दिवस खाल्ले. एक लाईट लावली की दुसरी मंद व्हायची, इंडिकेटर दिला की ब्रेक लाईट लुकलुकायची. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते, म्हणून दिव्याला एकच वायर नेली तरी चालतं. फायबरमधून करंट जात नाही, प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी चेसिसपर्यंत न्यावी लागते. मी चेसिसला मस्त रंग मारलेला, अन् त्या रंगावरच अर्थचा बोल्ट कसलेला. तिथला रंग खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट परत कसला अन् वरून ग्रीस लावलं, सगळे दिवे एकदम लख्ख.

१ मार्च २०२४ ला गाडी स्वतःच्या ताकदीनं गल्लीच्या बाहेर गेली.

राहिले कागद. लोक म्हणायचे व्हिंटेज आहे, तुला सूट मिळंल. तसं नाही. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांच्या वरची गाडीच व्हिंटेज धरतात, आपली १९८५ ची. म्हणजे साधंच रजिस्ट्रेशनचं रिन्युअल, फॉर्म २५, तेव्हा कारला ५ हजार फी होती, पुढच्या ५ वर्षांसाठी. त्याच्या आधी मालक वारलेले म्हणून फॉर्म ३१ अन् वारसाचे कागद, शेटजींनी दोन चकरा स्वतः मारल्या त्यासाठी, एक पैसा मागितला नाही. जुनं आरसी बुक ऑनलाइन नव्हतंच, ती बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवणं, व्हायला महिना गेला.

तपासणीच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी गाडीला एक फेरी मारली, बोनेट उघडलं, मग म्हणाले, चेसिस नंबर दाखवा. मी खाली वाकून चिंधी सोडली, ग्रीस पुसलं. त्यांनी कागद ठेवून वरून पेन्सिल घासली अन् एकेक आकडा पांढरा उमटत गेला. आरसी बुकाशी ताडून बघितलं अन् सही केली. मी बाहेर येऊन पहिला फोन ट्रॉलीवाल्या अण्णांना लावला.

आता डाव्या दाराचं रबर तेवढं राहिलंय. पहिल्या पावसात तिथून पाणी आत आलं, सध्या पट्टी चिकटवून ठेवलीय. कोणाकडं त्या मापाचं रबर असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन, गाडी घेऊनच येईन.